‘आई कुठे होती?’ ते ‘खिडकी कशी होती?’

लोकलमध्ये उभे असाल, भांडी घासत असाल किंवा झोप येत नाही म्हणून कानात हेडफोन घालून पडला असाल, तर आजचा भाग तसाच ऐका. फक्त एक करा. तुम्ही जिथे आहात तिथल्या सगळ्यात जवळच्या खिडकीकडे एकदा बघा. ती जमिनीपासून किती उंचीवर सुरू होते? तुमच्या कमरेला लागेल? की गुडघ्याला?

आज आपण खिडक्या, जिने आणि कठडे यांचा इतिहास बघणार आहोत. ऐकायला कंटाळवाणं वाटतंय ना? पण हा इतिहास एका प्रश्नाचा आहे. लहान मूल उंचावरून पडलं की सगळ्यात आधी एकच प्रश्न विचारला जायचा, आणि अजूनही विचारला जातो : ‘आई कुठे होती?’ हा प्रश्न बदलून ‘खिडकी कशी होती?’ इथपर्यंत यायला माणसाला फार वेळ लागला. तो कसा बदलला, हे समजून घ्यायचं असेल तर इंग्लंडमधल्या जुन्या घरांपाशी जावं लागतं. म्हणजे अशी घरं, जी एका कुटुंबासाठी बांधली गेली आणि पुढे चिरून त्यांचे चार-पाच फ्लॅट केले गेले.

घर कुणासाठी बांधलं होतं?

लंडनमधलं असं एक घर तुम्हाला फोटोत तरी माहीत असेल. १०, किंग हेन्रीज रोड. १९२१-२२ मध्ये डॉ. बाबासाहेब आंबेडकर शिकत असताना तिथे भाड्याने राहत होते. २०१५ मध्ये महाराष्ट्र सरकारने ते घर विकत घेतलं. फोटो डोळ्यासमोर आणा. उंच, अरुंद, दोन्ही बाजूंच्या घरांना चिकटून उभं. अठराव्या आणि एकोणिसाव्या शतकात लंडनमध्ये अशा घरांच्या रांगाच्या रांगा उभ्या राहिल्या.

या घरांची रचना उभी असायची. तळघरात स्वयंपाकघर. पहिल्या मजल्यावर पाहुण्यांची खोली, आणि तिथे जवळजवळ जमिनीपर्यंत येणाऱ्या उंच खिडक्या, बाहेर नक्षीदार लोखंडी कठडा. तो कठडा शोभेसाठी. मोठ्या माणसाच्या जेमतेम मांडीला लागेल एवढाच. वरच्या मजल्यांवर झोपायच्या खोल्या. आणि अगदी वर, छपराखाली, नोकर आणि मुलं. तिकडे जाणारा जिना अरुंद, उभा, वळणावर पायऱ्या एका बाजूला निमुळत्या झालेल्या.

म्हणजे मुलं सगळ्यात वरच्या मजल्यावर. हे धोकादायक नव्हतं का? होतं. पण ज्यांच्याकडे असं अख्खं घर होतं त्यांच्याकडे मुलांमागे धावायला दाई होती. आणि मुलांच्या खोलीच्या खिडकीला बरेचदा आडवे गज बसवलेले असायचे. थोडक्यात, त्या घरात मूल सुरक्षित राहायचं ते घराच्या बांधणीमुळे नाही, तर पगारी माणसामुळे आणि चार गजांमुळे.

त्या खिडकीवरून एक गोष्ट आठवते. लंडनमध्ये २७ डिसेंबर १९०४ ला ‘पीटर पॅन’ हे नाटक पहिल्यांदा झालं. मुलांच्या खोलीच्या खिडकीतून मुलं उडून जातात, ही त्यातली गंमत. लेखक जे. एम. बॅरी यांनी पुढे लिहून ठेवलंय की नाटक बघून घरी गेलेली मुलं पलंगावरून उडायचा प्रयत्न करू लागली आणि त्यांना इतकं लागलं की आईवडिलांच्या विनंतीवरून नाटकात बदल करावा लागला : परीची धूळ अंगावर पडल्याशिवाय कुणालाच उडता येत नाही! मला हा किस्सा फार महत्त्वाचा वाटतो. मुलांचं लक्ष नव्हतं, आईवडिलांनी शिकवलं नव्हतं, असं बॅरी म्हणाले नाहीत. मूल मुलासारखंच वागणार, हे मान्य करून त्यांनी नाटक बदललं. घरांच्या बाबतीत कायद्याला हेच शहाणपण यायला पुढची शंभर वर्षं लागली.

घर चिरलं, गज गेले

पहिल्या महायुद्धानंतर नोकर मिळेनासे झाले, परवडेनासे झाले. एवढी मोठी घरं कुणाला नकोशी झाली. मग खोल्या भाड्याने जाऊ लागल्या. दुसऱ्या महायुद्धानंतर घरांची प्रचंड टंचाई, आणि कॅरिबियन बेटांवरून, भारत-पाकिस्तानातून येणारी माणसं. नॉटिंग हिल भागात पीटर रॅकमन नावाच्या घरमालकाने जुनी घरं घेऊन त्यांत जमेल तेवढे भाडेकरू कोंबले. १९५७ च्या भाडेकायद्याने भाड्यावरचं नियंत्रण सैल झालं आणि त्याचं फावलं. त्याच्या नावावरून इंग्रजी शब्दकोशात ‘रॅकमनिझम’ हा शब्दच आला. पुढे १९६९ च्या कायद्याने जुनी घरं सुधारायला आणि त्यांचे फ्लॅट करायला वाढीव सरकारी अनुदान दिलं. तेव्हा चिरलेलं प्रत्येक घर रॅकमनचं नव्हतं. बरीचशी कामं रीतसर आणि चांगल्या हेतूने झाली.

पण फ्लॅट झाले की काय होतं बघा. पाहुण्यांच्या खोलीत आता अख्खं कुटुंब राहतं. जमिनीपर्यंत आलेल्या त्या देखण्या खिडकीला लागून पलंग, कारण खोलीत दुसरी जागाच नाही. खिडकीखाली हीटर बसवला, तर मुलाला चढायला आयती पायरी. नोकरांचा तो उभा जिना आता वरच्या फ्लॅटचा मुख्य रस्ता. मोठ्या खोलीत मध्येच भिंत घातल्यामुळे कुठे एखादं दार थेट जिन्याच्या पहिल्या पायरीवर उघडतं. उंच छताचा फायदा घेऊन केलेला पोटमाळा, आणि त्याला शिडीवजा जिना. मुलांच्या खोलीचे गज? ते दिसायला तुरुंगासारखे, म्हणून कुणीतरी काढून टाकलेले. आणि दाई तर केव्हाच गेली. आता आई एकटी, एका हाताने स्वयंपाक करतेय.

धोका तोच राहिला. तो सांभाळणारं माणूस तेवढं गेलं. मग मूल पडलं की काय विचारणार? ‘आई कुठे होती?’

कायदा काय बघत होता?

कायदा अगदीच झोपलेला नव्हता. पण त्याची भीती वेगळी होती. १६६६ च्या मोठ्या आगीने लंडन जळालं, त्यामुळे पुढे दीडशे-दोनशे वर्षं बांधकामाचे नियम आगीभोवती फिरत राहिले : भिंत किती जाड, लाकूड कुठे चालेल, कुठे नाही. मग कॉलरा आला आणि १८४८ चा सार्वजनिक आरोग्य कायदा झाला. गटारं, पाणी, हवा. १८६८ च्या कायद्यात ‘माणसाला राहायला अयोग्य’ घर ही कल्पना आली.

ही योग्य-अयोग्यतेची यादी वाढत गेली. १९८९ च्या सुधारणेनंतरची यादी बघा : घर पक्कं उभं आहे का, मोडकळीला आलंय का, ओल आहे का, उजेड-हवा-ऊब, पाणी, स्वयंपाकाची सोय, संडास, न्हाणी, सांडपाणी. चांगली यादी आहे. पण तिच्यात खिडकी जमिनीपासून किती उंच, याला जागा नाही. जिन्याचा कठडा मोडलेला असेल तर तो ‘मोडकळीत’ यायचा. पण धडधाकट, रंगवलेला, आणि तरीही मुलाच्या छातीपर्यंतच येणारा कठडा? तो पास! घर ‘योग्य’, आणि तरीही त्यातून मूल पडू शकतं, हे त्या यादीला दिसतच नव्हतं.

न्यूयॉर्कने आकडे मोजले

हे आधी दिसलं अटलांटिकच्या पलीकडे. १९७१ मध्ये न्यूयॉर्कमधल्या संशोधकांनी उंचावरून पडणाऱ्या मुलांवर एक निबंध लिहिला आणि शीर्षकातच शब्द वापरला ‘साथ’. जशी गोवराची साथ, तशी पडण्याची साथ. हा शब्द साधा नाही. गोवर झाला तर आपण आईला दोष देत नाही; आपण लस शोधतो.

शहराच्या आरोग्य खात्याने मग एक मोहीम काढली, नाव : ‘चिल्ड्रेन कान्ट फ्लाय’. मुलांना उडता येत नाही. त्यांनी चार कामं केली. एक, मूल पडलं की हॉस्पिटलच्या इमर्जन्सीने आणि पोलीस चौकीने ते आरोग्य खात्याला कळवायचं, आणि नर्सने त्या घरी जायचं. दोन, रेडिओ-टीव्ही-वर्तमानपत्रांतून जागृती. तीन, दारोदार जाऊन धोके दाखवणं. आणि चार, धोक्याच्या वस्त्यांमध्ये लहान मुलं असलेल्या कुटुंबांना खिडकीचे गज फुकट देणं.

निकाल? ब्राँक्स भागात पडल्याच्या नोंदी १९७३ ते १९७५ या काळात ५० टक्क्यांनी कमी झाल्या. ब्राँक्समधल्या आया अचानक जास्त लक्ष देऊ लागल्या म्हणून हे झालं असं म्हणायचं असेल तर म्हणा. मला तरी गज जास्त पटतात.

१९७६ मध्ये न्यूयॉर्कने नियमच केला : तीन किंवा अधिक फ्लॅटच्या इमारतीत दहा वर्षांपर्यंतचं मूल राहत असेल, तर खिडकीला गज बसवणं ही मालकाची जबाबदारी. अमेरिकेतला असा हा पहिला नियम. गजांमधून साडेचार इंचांहून मोठी फट राहता कामा नये. आजही तिथल्या भाडेकरूला दरवर्षी घरमालकाकडून एक कागद येतो : तुमच्याकडे लहान मूल आहे का?

घरात नसलेलं मूल

इंग्लंड उशिरा जागं झालं, पण त्याने एक पाऊल पुढे टाकलं. वॉरिक विद्यापीठातल्या डेव्हिड ऑरमँडी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी घरांची माहिती आणि आजार-अपघातांची माहिती एकमेकांशी जोडली. त्यातून एक मोजणी तयार झाली. २००४ च्या गृहनिर्माण कायद्याने जुनी योग्य-अयोग्यची यादी बाद केली आणि एप्रिल २००६ पासून इंग्लंडमध्ये ही मोजणी लागू झाली. तिच्यात २९ धोके आहेत. त्यातले चार फक्त पडण्याचे : न्हाणीत पडणं, सपाट जागी पडणं, जिन्यावर पडणं आणि एका पातळीवरून दुसऱ्या पातळीवर पडणं, म्हणजे खिडकी, गॅलरी, गच्ची वगैरे.

आता यातली खरी गंमत ऐका. प्रत्येक धोक्यासाठी एक ‘नाजूक’ वयोगट ठरवलेला आहे. पहिल्या तीन प्रकारांत साठीच्या पुढची माणसं. खिडकी-गॅलरीसाठी पाच वर्षांखालची मुलं. आणि नियम असा की घरात प्रत्यक्ष कोण राहतंय ते मोजणीत धरायचंच नाही! फ्लॅटमध्ये दोन कॉलेजची मुलं राहत असोत किंवा फ्लॅट रिकामा असो. तपासणी करणाऱ्याने असं समजायचं की इथे एक छोटं मूल आहे, आणि मग खिडकीकडे बघायचं.

न्यूयॉर्क विचारतं, मूल आहे का? इंग्लंड म्हणतं, आहे असंच समजा. कारण भाडेकरू बदलतात, नातवंडं सुट्टीला येतात, आणि मूल झालं म्हणून खिडकी आपोआप उंच होत नाही.

मोजणी कशी होते? आकड्यांना घाबरू नका, दोन मिनिटांचं काम आहे. समजा तिसऱ्या मजल्यावरचा जुना फ्लॅट. खिडकी जमिनीपासून फूटभर उंचीवर सुरू होते आणि पूर्ण उघडते. हे आकडे मी उदाहरणासाठी घेतोय. तपासणी करणारा ठरवतो की येत्या बारा महिन्यांत इथे असा अपघात होण्याची शक्यता शंभरात एक. मग विचारतो, पडलंच तर किती लागेल? दुखापतीचे चार वर्ग आहेत आणि प्रत्येकाला वजन आहे : सगळ्यात भयंकर, म्हणजे मृत्यू किंवा तसंच काही, त्याला १०,०००; त्याखाली १,०००; मग ३००; आणि सगळ्यात सौम्य वर्गाला १०. समजा शंभर अपघातांत हे प्रमाण १०, २०, ३० आणि ४० असं पडतं. गुणाकार करून बेरीज केली तर १,२९,४००. शक्यता शंभरात एक म्हणून भागिले १००. उत्तर १,२९४.

हजार किंवा त्याहून जास्त आलं की तो पहिल्या वर्गाचा धोका, आणि तिथे नगरपालिकेला काही ना काही कारवाई करावीच लागते. आता त्याच खिडकीला दहा सेंटीमीटरच्या पुढे उघडू न देणारी खिट्टी बसवा. शक्यता हजारात एक झाली असं धरलं तर आकडा १२९ वर येतो. एक खिट्टी, आणि आकडा दहाव्या हिश्शावर!

दहा सेंटीमीटरच का? इंग्लंडच्या नियमात शंभर मिलिमीटर व्यासाच्या चेंडूची कल्पना आहे. कठड्याच्या कुठल्याही फटीतून तो चेंडू आरपार जाता कामा नये. तो चेंडू म्हणजे लहान मुलाच्या डोक्याचा अंदाज. मुलाचं अंग फटीतून जातं आणि डोकं अडकतं, हीसुद्धा भीती त्यात आहे. शिवाय छोट्या मुलाचं डोकं अंगाच्या मानाने जड असतं. आपण खिडकीतून वाकतो तेव्हा पाय जमिनीवर राहतात. ते वाकलं की वजन पुढे जातं. म्हणून कठडा फक्त असून चालत नाही. तो उंच हवा, आणि त्यावर पाय ठेवता येईल अशा आडव्या पट्ट्या नकोत. आडव्या पट्ट्या म्हणजे मुलासाठी शिडी.

ही पद्धत परिपूर्ण आहे असं मी म्हणत नाही. शक्यता शंभरात एक की दोनशेत एक, हे शेवटी तपासणाऱ्याच्या अंदाजावर ठरतं. शिवाय कुणी तरी तपासायला यावं लागतं. भाडेकरूने तक्रार केली तर मालक घर खाली करायला सांगेल, ही भीती तिथेही आहे. आणि आगीशी भांडण आहेच : खिडकी इतकी बंद करायची नाही की आग लागली तर बाहेरच पडता येणार नाही. न्यूयॉर्कमध्येही आगीच्या जिन्यावर उघडणाऱ्या खिडकीला गज लावत नाहीत.

आणि आपल्याकडे?

आता मुंबईत येऊ. म्हाडाचं इमारत दुरुस्ती मंडळ दरवर्षी पावसाळ्याआधी जुन्या उपकरप्राप्त इमारतींची पाहणी करतं आणि अतिधोकादायक इमारतींची यादी जाहीर करतं. ते काम गरजेचंच आहे. इमारती खरंच कोसळतात. पण लक्षात घ्या, आपला प्रश्न तिथेच थांबतो. इमारत पडेल का? इमारत उभी राहील, पण तिच्यातून मूल पडेल का, हा प्रश्न त्या यादीत बसत नाही.

त्याचं उत्तर आपण घरगुती शोधलेलं आहे. चाळीत रांगतं मूल असलं की दाराच्या चौकटीत आडवी फळी लागायची. गॅलरीच्या कठड्याला जुनी साडी बांधायची. फ्लॅट आले तसं खिडकीला ग्रिल आलं, तेही बाहेर पिंजऱ्यासारखं काढलेलं. हे सगळं शहाणपण आहे, मला त्याची थट्टा करायची नाही. पण ते ज्याच्या त्याच्या खिशावर आणि आठवणीवर चालतं. भाड्याच्या घरात ग्रिल कोण बसवणार, मालक की भाडेकरू? आणि पिंजरा पक्का असला तरी त्याच्या आडव्या गजांची फट किती, आगीत तो उघडतो का, हे कोण बघतं?

तुमच्यातले बरेच जण आज भाड्याच्या घरात राहतात. कुणी पुण्यात जुन्या वाड्याच्या जागी नाही, तर जुन्या बंगल्याचे भाग पाडून केलेल्या फ्लॅटमध्ये. कुणी शिकायला किंवा नोकरीला लंडन-मँचेस्टरला, तिथल्या अशाच चिरलेल्या घरात. तुम्हाला मूल नसेल. तरीही घर बघायला जाल तेव्हा या पाच गोष्टी बघा. खिडकी जमिनीपासून कुठे सुरू होते. ती किती उघडते, आणि पुढे न उघडू देणारी खिट्टी आहे का. खिडकीखाली पलंग, हीटर, सोफा, ओटा असं चढायला काही आहे का. कठड्याच्या फटीतून तुमची बंद मूठ सहज जाते का. जात असेल तर पट्टी काढून फट मोजा, दहा सेंटीमीटरहून जास्त नको. आणि एखादं दार थेट जिन्यावर उघडतं का. डासांच्या जाळीवर भरवसा ठेवू नका. ती डास अडवते, मूल नाही.

घरात मूल असेल तर आजच्या आज एक काम करता येईल : पलंग खिडकीपासून लांब सरकवा. त्याला परवानगी लागत नाही, पैसे लागत नाहीत. खिट्टीचं मालकाला लेखी कळवा. व्हॉट्सअॅपवर का होईना, पण लिहून.

शेवटी एकच सांगतो. लक्ष ठेवू नका असं या सगळ्याचा अर्थ नाही. लक्ष ठेवायचंच. पण लक्ष हे माणसाचं असतं. ते दूध उतू गेलं की तिकडे वळतं, दाराची बेल वाजली की तिकडे वळतं. खिट्टीचं लक्ष कुठेच वळत नाही. पुढच्या वेळी बातमी वाचाल आणि खाली कमेंटमध्ये कुणीतरी ‘आई काय करत होती?’ असं लिहिलेलं दिसेल, तेव्हा त्याच्याखाली एवढंच विचारा : खिडकी किती उंच होती? आणि ती बघायचं काम कुणाचं होतं?

भाग आवडला तर घर शोधत असलेल्या एखाद्या मित्राला पाठवा. भेटू पुढच्या भागात. तोपर्यंत, काळजी घ्या.